पहिलं वीतभर

सकाळी सहा चाळीसला छत्रपती चौकातून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मी स्वतःची स्तुती मोठ्यानं वाचून दाखवत होतो. असं कुणी करू नये. करायचंच असेल तर निदान ती आधी मनातल्या मनात शेवटपर्यंत वाचून घ्यावी. पण काही शेवटपर्यंत ऐकण्या-वाचण्याची सवय मोडून मला सहा वर्षं झाली होती आणि ती मोडल्याचा मला अभिमान होता. झालं असं की बस रिंग रोडला लागली आणि आमचे ड्रायव्हर भैय्याजी, जे एरवी भजनांशिवाय काही लावत नाहीत, त्यांच्या स्पीकरमधून काजलचं ‘धोटा’ सुरू झालं. काजल नंदनवार, वय तेवीस, राहणार तांडापेठ. तिचं हे पहिलंच गाणं, घरातल्या घरात स्वतः रेकॉर्ड केलेलं, मागे ना कुठली कंपनी ना कुणाचा हात. तीन आठवड्यांपूर्वी मी ते आमच्या नव्या गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर टाकलं होतं, आणि आता ते हिंगण्याला जाणाऱ्या बसमध्ये वाजत होतं. माझ्या शेजारी डिस्पॅचचा गौरांग बसला होता. तो मांडीवर ताल धरत होता. मला राहवलं नाही. ‘‘हे गाणं मी काढलं,’’ मी म्हणालो. ‘‘तू काढलं म्हंजे? गाऊन त पोरगी राहिली,’’ तो म्हणाला. ‘‘म्हंजे कुठून काय कापायचं ते मीच सांगतलं हिले. थांब, तिनं लिवलं हाय, वाचून दाखवतो.’’ आणि मी फोन काढून वाचायला लागलो. मागच्या सीटवरचे दोघंही पुढे वाकले.

‘सगळ्यांत आधी चेतनदादा हेडाऊ यांचे आभार,’ असं तिनं लिहिलं होतं. ‘मी गाणं पाठवलं तेव्हा दादांनी एका ओळीत उत्तर दिलं, की पहिलं मिनिट मेलेलं आहे, ताल हलतोय, काढून टाक.’ इथपर्यंत माझा आवाज चांगला खणखणीत होता. ‘मला आधी खूप वाईट वाटलं. कारण ते मिनिट आमच्या घरच्या मागाचं होतं. आईनं शेवटचा ताणा चढवला त्या दिवशी मी तिचं पहिलं वीतभर रेकॉर्ड केलं होतं. पण दादांच्या घरीही माग होता...’ मी थांबलो. ‘‘वाच ना बे, थांबला काहून?’’ गौरांग म्हणाला. मी म्हणालो, नेटवर्क गेलं. नेटवर्क कुठंच गेलं नव्हतं. पुढचं मी मनात वाचलं. ‘पण दादांच्या घरीही माग होता. पहिलं वीतभर म्हणजे काय ते त्यांना माहीत असणारच. त्यांनी सगळा विचार करूनच सांगितलं असेल. म्हणून मी काढलं.’ त्याखाली जोडलेले दोन छोटे हात होते. त्या हातांचा मला इतका राग आला की फोन खिडकीबाहेर भिरकावून द्यावासा वाटला. टोमणा असता तर मी झेलला असता. शिवी असती तर उलटी दिली असती. पण तिनं मनापासून लिहिलं होतं, आणि आठशे लोकांनी त्याखाली बदाम टाकले होते.

पहिलं वीतभर म्हणजे काय ते मला माहीत होतं. माहीत असणारच. नवा ताणा मागावर चढवला की उभे धागे सगळे सारखे ताणलेले नसतात. कोणी सैल, कोणी घट्ट. त्यामुळे धोट्यानं नेलेले पहिले काही आडवे धागे वाकडे बसतात, फणीचा ठोका मागे-पुढे पडतो, एक जोरात, एक हलका, मध्येच थांबणं, पायाखालची दांडी सावरणं. वीतभर कापड होईस्तोवर असंच चालतं. मग कधीतरी ताणा बसतो, ठोका सापडतो, आणि तिथून लुगडं सुरू होतं. आमच्या बाबांची रीत अशी होती की ते पहिलं वीतभर कापड कुणाला दाखवायचं नाही. ते त्यावर आपला जुना दुपट्टा अंथरत. गांधीबागेतला लुगडी घेणारा शेठ आला तरी दुपट्टा निघत नसे. ‘‘ताण्याले आधी घर वळखू द्या, मंग पाहा,’’ असं म्हणत. लुगडं उतरवताना ते वीतभर कापून बाजूला काढलं जाई आणि आई त्याची चार पदरी घडी शिवून गरम भांडी उचलायला घेई. त्या घड्यांतल्या दोन अजून आमच्या स्वयंपाकघरात आहेत. त्याच दिवशी पहाटे पाच वाजता मी चहाचं पातेलं त्यांतल्याच एकीनं उतरवलं होतं, आणि आई, म्हणजे गोदूबाई, वय एकोणसत्तर, पलंगावरून म्हणाली होती, ‘‘ते जपून वापर, दोनच उरले हायेत.’’ मी हो म्हणालो होतो. म्हणजे माझ्या हातात रोज सकाळी पहिलं वीतभर असतं आणि तरी माझ्या कानाला ते कळलं नाही. हे मी कुणाला सांगावं? गौरांगला? त्याला वाटतं कापड मॉलमध्ये होतं.

खरं म्हणजे कानाला कळायला कान तिथं हवा होता. मी ते गाणं कसं ऐकलं होतं ते मला बसमध्ये बसल्या बसल्या स्वच्छ आठवलं, आणि न आठवतं तर बरं झालं असतं. ‘शुक्रवारची सात’ नावाची आमची यादी दर शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता लोकांच्या फोनवर जाते. नवे, कुणी न उचललेले, आपलं आपण गाणारे लोक, त्यांची त्या आठवड्यात निघालेली सात गाणी, प्रत्येकाखाली माझ्या चार ओळी. अडतीस हजार लोक वाचतात. त्यासाठी आठवड्याला दोनशे गाणी येतात, चंद्रपूरहून, अकोल्याहून, कुणी काटोलच्या संत्र्याच्या बागेत बसून गायलेलं, कुणी गोंदियाच्या हॉस्टेलमधून. ती सगळी मी याच बसमध्ये ऐकतो. वीस सेकंद. त्यात पकडलं तर पुढे, नाहीतर पुढचं. आणि तेही दीडपट वेगानं, कारण सरळ वेगानं दोनशे होत नाहीत. हे यादी माझ्याबरोबर चालवणाऱ्या पुष्करनं ठरवलेलं माप आहे असं मी म्हणतो, पण मला ते पहिल्या दिवसापासून पटलं होतं. कंपनीत मी बाटल्यांची झाकणं तपासतो. हजारातली दहा उचलायची, दिव्याखाली धरायची, काठ बघायचा, पास नाहीतर नापास. झाकणाला काय सांगायचंय याची वाट बघत कुणी बसत नाही. गेल्या सहा वर्षांत मी गाण्यांना झाकणं केलं आणि त्याला चोखंदळपणा म्हणत आलो. लोकही म्हणत आले. काजलचं ‘धोटा’ पहिल्यांदा आलं तेव्हा बस हिंगणा टी-पॉइंटला अडकली होती, मागे कुणीतरी आलूबोंडा खात होतं आणि मला त्याच्या वासाचा राग येत होता. एक ठोका. मग काही नाही. मग दोन लागोपाठ. मी लिहिलं, मेलेलं आहे, काढून टाक. लिहायला मला दहा सेकंदही लागले नसतील.

फाटकाशी उतरलो, कार्ड टेकवलं, कोट चढवला, दिव्याखाली बसलो, आणि हात चालू ठेवून ते वीस सेकंद आठवायला लागलो. एक ठोका, मग काही नाही. की आधी दोन होते? राग माझा मलाच येत होता. रागावरून बाबा आठवले. बाबा म्हणजे गुलाबचंद हेडाऊ, नाईक तलावाजवळच्या गल्लीत त्यांच्याएवढा शांत माणूस नव्हता, आणि त्यांना मी आयुष्यात एकदाच रागावलेलं पाहिलं. तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. पुष्करची आणि माझी नुकतीच मैत्री झाली होती. पुष्कर महाल भागातला, भोसल्यांच्या काळापासून दप्तरं सांभाळत आलेलं घर, वडील आणि काका दोघंही सरकारी नोकरीत, घरात कॅसेटींनी भरलेलं कपाट. त्या कपाटापुढे मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा मला वाटलं होतं, आपल्याला इथंच राहायचंय. त्याला आमचा माग बघायचा होता. मी टाळत होतो, कारण आमच्या खोलीत माग सोडून उभं राहायला जागा नव्हती आणि मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले बाबा मला कुणाला दाखवायचे नव्हते. शेवटी आणलं. नवा ताणा चढलेला होता. बाबा पाणी प्यायला उठले तेवढ्यात पुष्करनं दोन बोटांनी दुपट्टा उचलला आणि म्हणाला, ‘‘अरे, हे तर वाकडं झालंय.’’ आणि मी हसलो. हसून म्हणालो, ‘‘तो खराब भाग असतो, फेकायचाच असतो.’’ बाबा दारात उभे होते. पुष्करला चहा मिळाला, चिवडा मिळाला, निरोप मिळाला. तो गेल्यावर बाबांनी मला जवळ बोलावलं आणि माझा हात धरून त्या वाकड्या कापडावर ठेवला, इतका जोरात दाबून की मनगट दुखलं. ‘‘हे खराब हाय त मंग पूर्ण लुगडंच खराब हाय. याच्याच भरवशावर बसलं हाय ते,’’ म्हणाले. त्यानंतर अकरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. बाराव्या दिवशी बोलले, पण ते कॉलेजच्या फीबद्दल. मी मनात म्हणालो होतो, यांना काय कळतं. आता मी त्यांच्याच वयाचा झालोय. त्या दिवशी मी हसलो नसतो तर पुष्कर माझा मित्र राहिला नसता, ही यादी झाली नसती, असं मी स्वतःला सांगत आलो. खोटं आहे. पुष्करनं दुपट्टा न विचारता उचलला तसाच तो परत टाकलाही असता. हसायला त्यानं सांगितलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मी काजलचा तो जुना मेल शोधून काढला. तिनं दिलेली लिंक उघडली. गाणं सुरू झालं ते थेट आवाजापासून, तेच कापलेलं, गुळगुळीत, भैय्याजींच्या बसमधलं. तिनं जुनं काढून त्याच जागी नवं चढवलं होतं. मी डबा न उघडता तसाच पिशवीत ठेवला. तेवढ्यात पुष्करचा फोन आला. तो एरवी फोन करत नाही, बोललेलं पाठवतो, तेही मी दीडपट वेगानं ऐकतो. ‘‘वाचलंस ना तिचं?’’ तो म्हणाला. ‘‘सोनं आहे. आजची यादी जाऊ दे, आज फक्त हेच करू. तुझ्या घरचा माग, तिच्या घरचा माग. तू डोळे मिटून ऐकलंस, तुला सगळं आठवलं, आणि तरी काळजावर दगड ठेवून तू म्हणालास, काढ. कारण गाणं मोठं आहे. लोक रडतील बे.’’

‘‘मी ऐकलं नव्हतं, पुष्कर.’’

‘‘काय नव्हतं ऐकलं?’’

‘‘ते मिनिट. वीस सेकंद ऐकले फक्त. दीडवर.’’

तो हसला. वाईट नाही हसला, मित्र हसतो तसाच हसला. ‘‘मग कोण ऐकतं? दोनशे येतात आठवड्याला. आणि बरोबरच निघालं ना तुझं? त्या एका मिनिटासकट गाणं कुणी पुढे ऐकलं असतं का, सांग. हे लिहायचं नसतं रे. पाच वाजेपर्यंत पाठव.’’ मी म्हणालो, तुला आठवतं, तू आमच्या घरी आला होतास तेव्हा मागावरचा दुपट्टा उचलला होतास? त्याला आठवत नव्हतं. आलो होतो का मी तुझ्या घरी, असं तो म्हणाला. पंचवीस वर्षं मी ज्या गोष्टीवरून बापाशी मनातल्या मनात भांडत होतो ती त्याच्या लेखी झालीच नव्हती. मी फोन ठेवला आणि आत जाऊन झाकणांचा एक अख्खा लॉट नापास केला. चांगला होता. सुपरवायझर येऊन विचारायला लागला, काय झालं, काठ खराब हाय का? मी म्हणालो, नाही. मग? मग काही नाही. मी सही खोडली आणि पास केला. तो माझ्याकडे बघत राहिला. कुणाला तरी नापास करायचं होतं एवढंच मला समजत होतं, आणि समोर झाकणं होती.

तीन वाजता सुटलो तो घराकडे गेलोच नाही. भैय्याजींना म्हणालो, मेट्रो स्टेशनवर सोडा. अग्रसेन चौकात उतरून, काजलच्या मेलमधल्या पत्त्यावर, तांडापेठेकडे चालायला लागलो. ऊन अजून होतं. मी का निघालोय ते मला नीट माहीत होतं आणि ते काही फार चांगलं नव्हतं. मला तिच्या घरी, तिच्या एकटीसमोर, हळू आवाजात माफी मागायची होती. तिनं म्हणायचं होतं, जाऊ द्या दादा, गाणं तर चाललं ना. मग चहा. मग पाच वाजता मी पुष्करला हवं ते काहीतरी लिहून दिलं असतं, थोडं खरं, थोडं डोळे मिटलेलं, आणि सगळं बसलं असतं. वाटेत जुन्या गल्ल्या लागल्या. एकेकाळी इथं दर घरातून ठोका येत असे आणि प्रत्येक घराचा वेगळा असे. आई भाजीची पिशवी घेऊन चालता चालता सांगायची, हा अमक्याचा, हा तमक्याचा, याच्या पायाले आज दुखून राहिलं. आता मोटारसायकली दुरुस्त करण्याचे आवाज होते आणि कोचिंग क्लासची पाटी होती. आईला ठोक्यावरून माणूस ओळखता येई. मला वीस सेकंद ऐकून माग आहे एवढंही ओळखता आलं नाही, आणि लोक मला कान आहे म्हणतात. ह्या कानाचा मला त्या क्षणी इतका तिटकारा आला की मी चालता चालता तो हातानं दाबून धरला. एक बाई थांबून विचारू लागली, काय झालं भाऊ? काही नाही, म्हणालो.

काजलच्या आईनं दार उघडलं. भारतीबाई, पन्नाशीच्या, बारीक, हाताला पिठाचे डाग. मी नाव सांगितलं. ‘‘या भाऊ, या. तुम्ही गुलाबचंदजींचे ना? नाईक तलावाकडचे? त्याइच्या हातचं लुगडं माह्या सासूपाशी होतं,’’ म्हणाल्या. बसायला खुर्ची दिली. खोलीच्या मधोमध फरशीचे आठ-दहा तुकडे बाकीच्यांपेक्षा नवे होते आणि त्यांवर फ्रिज ठेवला होता. खड्डा तिथं होता. भिंतीला एक जाड, काळपट फळी ठोकली होती, हातानं गुळगुळीत झालेली, मागाचीच असणार. तिच्यावर काजलचा माईक होता आणि गुंडाळलेल्या वायरी. काजल आतून चहा घेऊन आली. तिला पहिल्यांदाच पाहत होतो. ठेंगणी, मोठ्या चष्म्याची, हसऱ्या चेहऱ्याची. ‘‘दादा, मी तुमालेच मेसेज करणार होती,’’ ती म्हणाली. ‘‘एक मांगू का? ते जुनं तुमच्यापाशी असन ना? पूर्णवालं? माह्या फोनमंदी जागा नोती, मी काढून टाकलं. लिंकवर बी नवंच चढवलं. माग त लुगडं उतरल्यावर तिसऱ्याच दिवशी लकडगंजले गेला, लाकूडवाला घेऊन गेला. आई म्हणे, मले एक डाव ऐकव.’’

‘‘नसन त जाऊ दे वं,’’ भारतीबाई म्हणाल्या. ‘‘भाऊले हजार गाणे येतात.’’ पण त्या हात पुसत समोर येऊन बसल्या होत्या, ऐकायच्या तयारीनं.

शोधतो, हा शब्द माझ्या जिभेवर होता. चांगला शब्द आहे. त्यावर माणसं सहा महिने वाट बघतात. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, ‘‘नाही माझ्यापाशी. आणि मी ते पूर्ण ऐकलंही नव्हतं.’’ काजलनं विचारलं, ‘‘म्हंजे किती ऐकलं?’’

‘‘वीस सेकंद.’’

‘‘वीस.’’

‘‘दीडपट वेगानं. बसमध्ये.’’

तिनं चष्मा काढून ओढणीनं पुसला, परत घातला. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं आणि त्याच्या जागी आलेलं मला ओळखीचं होतं. बाबा दारात उभे होते तेव्हा ते असंच दिसलं होतं. ‘‘वीस सेकंदामंदी आईचा पाय बी नोता बसला,’’ ती म्हणाली. ‘‘ती दांडी सावरूनच राहिली होती तवा. तुमाले माहीत हाय, तुमचा मेसेज आला तवा मी काय केलं? आठ दिवस रडली मी. मंग आईले म्हटलं, दादाच्या घरी माग होता, त्याइले समजते. आपल्यालेच नाही समजून राहिलं. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं ना, त मी कापलंच नसतं. तुम्ही आपल्यातले होते म्हणून कापलं.’’

मी म्हणालो की माझं चुकलं, की मी त्यासाठीच आलोय, की मला तिची माफी मागायची आहे. ‘‘इथं नका मांगू,’’ काजल म्हणाली. ‘‘इथं मी हावो आन आई हाय. मी आभार सगळ्याइसमोर मानले. तुमची यादी आज सात वाजता जाते ना? तिथं लिवा. आत्ता, इथंच बसून.’’

आणि मला राग आला. हे मी लपवत नाही. दिवसभर मी माझ्यावर, पुष्करवर, झाकणांवर रागावत होतो, पण खरा, गरम राग तेव्हा आला, आणि तो तिच्यावर आला. कोण ही? तीन आठवड्यांपूर्वी हिला तांडापेठेबाहेर कुणी ओळखत नव्हतं. मी हिला यादीत घेतलं. मी नसतो तर भैय्याजींच्या बसमध्ये आज भजनच वाजलं असतं. अडतीस हजार लोकांसमोर मी लिहायचं की मी ऐकत नाही? मग पुढच्या शुक्रवारी कोण वाचणार? आणि ज्यांना मी गेल्या सहा वर्षांत नाही म्हणालो ते सगळे एकेक करून विचारतील, आमचं किती सेकंद ऐकलंत? चंद्रपूरचा विचारेल, अकोल्याची विचारेल. मी उठलोच होतो. कप उचलून भारतीबाईंच्या हातात द्यावा आणि निघावं, म्हणून हात पुढे केला, तर त्या कप घेईनात. त्यांची नजर फळीकडे होती. ‘‘तुमचे बाबा दुपट्टा झाकत का भाऊ, पहिल्या वीतभरावर?’’ त्यांनी विचारलं. ‘‘आमच्या इकडं बी झाकत. कोणाले नाही दाखवत. हिनं रेकॉर्ड करतो म्हटलं त मी नाही म्हटलं होतं. मंग म्हटलं, शेवटचंच हाय, ऐकू दे लोकाइले. एकदा ऐकू दे.’’ कप माझ्याच हातात राहिला. मी परत बसलो.

फोन काढला. सवय अशी की बोटं आपोआप चालायला लागली. चार ओळी लिहिल्या आणि फोन काजलकडे दिला, कारण तिनं हात पुढे केला होता. मी लिहिलं होतं: ‘सुरांच्या या अथांग प्रवासात कधी कधी आपल्यासारख्या जाणत्या कानांकडूनही नकळत काहीतरी मौल्यवान निसटून जातं.’ आणि मग पुढचं. काजलनं ते वाचलं. सावकाश वाचलं, अंगठा हळूहळू वर सरकवत, खालपर्यंत जाऊन परत वर येऊन. मग फोन माझ्या हातात देत म्हणाली, ‘‘पहिलं वाक्य मेलेलं हाय. काढून टाका.’’

ती हसत नव्हती. मी तिच्याकडे बघितलं, मग फोनकडे. वाक्य खरंच मेलेलं होतं. काढून टाकलं. भारतीबाई म्हणाल्या, ‘‘काय लिवलं ते मले बी वाचून दाखवा, मले चष्म्याबिगर दिसत नाही.’’ तेव्हा त्या दिवसात दुसऱ्यांदा मी स्वतःबद्दल लिहिलेलं मोठ्यानं वाचायला लागलो. ‘काजल नंदनवार हिचं ‘धोटा’ हे गाणं मी ऐकलेलं नाही. मी त्यातले वीस सेकंद ऐकले, तेही घाईत, आणि त्यावरून तिला पहिलं मिनिट कापायला लावलं. त्या मिनिटात तिची आई भारती शेवटच्या ताण्याचं पहिलं वीतभर विणत होती. ते मला ओळखू यायला हवं होतं. माझा बाप मागावर बसत असे. ते मिनिट आता कुणाकडेच नाही. गेली सहा वर्षं या यादीतल्या आणि यादीत न आलेल्या सगळ्या गाण्यांशी मी हेच केलं आहे. ज्यांना मी नाही म्हणालो त्यांनी माझं ऐकू नये.’ वाचताना दोनदा आवाज गेला, पण या वेळी नेटवर्क गेलं असं मी म्हणालो नाही. शेवटपर्यंत वाचलं. भारतीबाई मान हलवत होत्या, कशाला ते मला समजलं नाही. मी ते पुष्करला पाठवलं. पाचला सात मिनिटं होती. अर्ध्या मिनिटात त्याचा फोन वाजायला लागला; म्हणजे त्यानंही सगळं वाचलं नसणार. मी फोन तसाच हातात धरून बसलो.

‘‘उचला,’’ काजल म्हणाली. ‘‘आन त्याइले बी वाचून दाखवा. हळूहळू.’’

मी फोन उचलला, त्याला बोलू दिलं नाही, आणि तिच्या नावापासून वाचायला सुरुवात केली.